इंदूर ते भोपाळ, एका चार्जवर: हँडहेल्ड कन्सोलमधली बॅटरी आणि ग्राफिक्सचा हिशेब

सरवटे बसस्टँडवरून भोपाळची बस सुटली की चार तास हातात असतात. मागच्या हिवाळ्यात भाचा बरोबर होता आणि त्याच्या मांडीवर माझा स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल. देवास मागे पडलं, आणि सोनकच्छला कालीसिंधचा पूल यायच्या आतच स्क्रीन काळी झाली. "मामा, याची बॅटरी गेलीये हो. बदलून घ्या."

बॅटरी ठणठणीत होती. पठ्ठ्याने ग्राफिक्स 'हाय'वर, फ्रेम (सेकंदाला जितकी चित्रं काढली जातात ती) मोकळ्या आणि खिडकीतून ऊन येतंय म्हणून ब्राइटनेस पूर्ण ठेवला होता. माझ्या जुन्या एलसीडी डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची. अशा थाटात खेळलं तर मशीन साधारण २४ वॅट ओढतं. चाळीसला चोवीसने भागा, एक तास चाळीस मिनिटं येतात. सोनकच्छ तेवढ्यावरच आहे.

बहुतेक लोक इथेच चुकतात. आधी चित्र सुंदर करून घेतात आणि मग बॅटरी किती पुरते ते बघत बसतात. मी उलटं करतो. आधी तास ठरवायचे, तासांवरून वॅट काढायचे आणि त्या वॅटमध्ये जेवढं चित्र बसेल तेवढं घ्यायचं. महिन्याचा पगार ठरलेला असताना घर चालवतो तसंच.

बॅटरीवरचा खरा आकडा

मोबाइलमुळे आपल्याला एमएएचची सवय लागली आहे, पण त्या आकड्यावरून वेगवेगळ्या मशीनची तुलना होत नाही. वॅट-तास बघा, बॅटरीवर किंवा माहितीपत्रकात 'डब्ल्यूएच' असं लिहिलेलं असतं ते. नुसते एमएएच दिले असतील तर त्यांना व्होल्टेजने गुणा आणि हजाराने भागा. निन्टेंडो स्विचची बॅटरी ४३१० एमएएच, ३.७ व्होल्ट, म्हणजे जेमतेम १६ वॅट-तास. २०२२ चा एलसीडी डेक ४०, नोव्हेंबर २०२३ चा ओएलईडी डेक ५०. आसुसचा २०२३ चा आरओजी अ‍ॅलाय ४०, पुढच्या वर्षीचा अ‍ॅलाय एक्स थेट ८०. लेनोव्होचा पहिला लीजन गो ४९.२.

आता बजेट. बॅटरीचा दहावा भाग बाजूला ठेवा, कारण शेवटच्या टक्क्यांवर भरवसा ठेवून सेव्ह न केलेला गेम गमावण्यात मजा नाही. माझ्याकडे उरले ३६ वॅट-तास. भोपाळचा प्रवास चार तासांचा असला तरी चार तास कोणी खेळत नाही. डोडीला चहा होतो, मध्ये डुलकी लागते, शेजारचा माणूस "भिया, ये क्या चीज है?" म्हणून दहा मिनिटं खातो. खरा खेळ तीन तासांचा. छत्तीस भागिले तीन, बारा वॅट.

हे बारा वॅट पूर्ण मशीनचे आहेत, फक्त प्रोसेसरचे नाहीत. स्क्रीन, मेमरी, पंखा, वायफाय, एसएसडी आणि वीज एका व्होल्टेजवरून दुसऱ्यावर नेताना होणारी गळती मिळून माझ्या डेकवर चार-पाच वॅट जातात. चिपच्या वाट्याला सातच्या आसपास. चिपची कमाल मर्यादा १५ वॅटची, म्हणजे निम्म्यात संसार करायचा आहे. ऐकायला वाईट वाटतं, पण निम्म्या वॅटमध्ये चित्र निम्मं होत नाही. ते का, ते पुढे सांगतो.

मीटर लावा

अंदाजाने काही करू नका. डेकवर उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण दाबा, बॅटरीच्या चिन्हाखाली परफॉर्मन्स ओव्हरले मिळेल. त्याची पातळी वाढवत गेलात की फ्रेम, सीपीयू (गेमचा हिशेब करणारा भाग), जीपीयू (चित्र काढणारा भाग) आणि वॅट असे सगळे आकडे स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसू लागतात. अ‍ॅलायसारख्या विंडोजवाल्या मशीनमध्ये कंपनीच्या अ‍ॅपचा असाच ओव्हरले असतो. हे काम घरी, सोफ्यावर बसून करा. बसमध्ये करायचं काम नाही हे.

मोजण्यासाठी गेममधली सगळ्यात जड जागा शोधा, म्हणजे गर्दीचा बाजार, पाऊस, आग, धूर. मेन्यूत किंवा रिकाम्या मैदानात मोजलेला आकडा फसवतो. तिथे पाच मिनिटं फिरा आणि वॅटचा आकडा कागदावर लिहा. मी अजूनही फ्रिजवर चिटकवलेल्या कागदावरच लिहितो. घरच्यांना ती किराणा यादी वाटते.

सगळ्यात मोठा नळ: फ्रेमची मर्यादा

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. मर्यादा नसेल तर चिप मिळतील तेवढ्या फ्रेम काढत राहते, तुम्हाला त्या दिसोत वा न दिसोत. नळ उघडा ठेवून दात घासल्यासारखं आहे ते.

किती फ्रेम ठेवायच्या? माझं उत्तर चाळीस, आणि त्यामागे गणित आहे. साठ फ्रेमला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, तीसला ३३.३. या दोन्हींच्या बरोबर मधोमध २५ मिलिसेकंद येतात आणि २५ मिलिसेकंद म्हणजे चाळीस फ्रेम. पंचेचाळीस नव्हे. हाताला जो गुळगुळीतपणा जाणवतो तो फ्रेमच्या संख्येवर नव्हे, या वेळेवर ठरतो. तीसवरून चाळीसवर गेलात की साठपर्यंतचं अर्धं अंतर कापलं जातं, आणि काम मात्र साठच्या दोन तृतीयांश.

पण स्क्रीनचा ठोका, म्हणजे ती सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो हर्ट्झचा आकडा, जुळला पाहिजे. साठ हर्ट्झच्या स्क्रीनवर चाळीस फ्रेम टाकल्या तर एक फ्रेम एक ठोका टिकते, पुढची दोन ठोके, आणि चित्र लंगडत चालतं. एलसीडी डेकची स्क्रीन ४० ते ६० हर्ट्झमध्ये कुठेही बसवता येते, म्हणून चाळीस फ्रेमला चाळीस हर्ट्झ. ओएलईडी डेक ४५ ते ९० मध्ये चालतो. तिथे चाळीस मागितलेत की तो स्वतःच ८० हर्ट्झवर जाऊन प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतो. अ‍ॅलायच्या स्क्रीनचा ठोका फ्रेमप्रमाणे बदलतो, त्यामुळे तिथे हा त्रास कमी.

एक सावधगिरी. सिस्टीमने लावलेल्या मर्यादेमुळे बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंत थोडा उशीर वाढू शकतो. गेमच्या सेटिंगमध्येच फ्रेमची मर्यादा असेल तर आधी ती वापरून बघा, नेमबाजीच्या गेममध्ये तर नक्कीच. फायटिंग गेम आणि ऑनलाइन नेमबाजी मी चाळीसवर खेळत नाही. ते घरी, चार्जर लावून. क्रिकेट, गोष्टीचे गेम आणि चालीचालीने खेळायचे गेम यांना चाळीस भरपूर झाले, शेवटच्या प्रकाराला तीससुद्धा.

मग वॅटला लगाम

आता निम्म्या वॅटचं कोडं. चिपचा वीजखर्च ढोबळमानाने व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग असा चालतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा वेग वीस टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज दहा टक्के चढवावं लागलं, तर १.२ गुणिले १.२१, म्हणजे खर्च पंचेचाळीस टक्के वाढला. बाइक पन्नासच्या वेगाला जेवढं अ‍ॅव्हरेज देते तेवढं नव्वदला देत नाही, तसंच. शेवटचे पाच वॅट सगळ्यात महाग पडतात आणि सगळ्यात कमी फ्रेम देतात.

डेकवर त्याच मेन्यूत टीडीपीची, म्हणजे चिपने किती वॅट ओढायचे त्याची, मर्यादा आहे, ३ ते १५ वॅट. त्या जड जागेत उभे राहा. फ्रेमची मर्यादा चाळीस आहेच. आता पंधरापासून एकेक वॅट खाली या आणि प्रत्येक वेळी अर्धा मिनिट फिरा. फ्रेमची सरळ रेघ थरथरू लागली की एक वॅट वर चढा आणि तिथेच थांबा. माझ्या बऱ्याच गेमचा मुक्काम सात ते नऊच्या मध्ये आहे. जुने आणि टू-डी गेम चारवर मजेत चालतात.

हा क्रम उलटा करू नका. फ्रेम मोकळ्या ठेवून नुसता टीडीपी कमी केलात तर चिप दिलेले सगळे वॅट कायम खात राहते, शांत प्रसंगातसुद्धा. फ्रेमला मर्यादा असली की शांत प्रसंगात ती आपणच सुस्तावते, टीडीपी फक्त उसळ्या छाटतो.

आणि फार खालीही जाऊ नका. या चिपमध्ये सीपीयू आणि जीपीयू एकाच ताटात जेवतात. वॅट कमी पडले की कधी सीपीयू उपाशी राहतो. मग सरासरी फ्रेम ठीक दिसतात पण बाजारात शिरलं की गेम अडखळतो. अशा वेळी सावल्या कमी करून काही होत नाही. गर्दीची घनता आणि लांबवर दिसणाऱ्या वस्तूंचं अंतर कमी करावं लागतं.

आता चित्राला हात लावा

सात इंचांच्या स्क्रीनवर काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे ओळखण्यात सगळी हुशारी आहे. डेकच्या १२८० गुणिले ८०० मध्ये सुमारे दहा लाख पिक्सेल आहेत, अ‍ॅलायच्या १०८०पीमध्ये वीस लाखांवर. अ‍ॅलाय बॅटरीवर ७२०पीला उतरवलात तर काम निम्म्याहून कमी होतं. लीजन गोची गंमत वेगळी. त्याची स्क्रीन २५६० गुणिले १६०० आहे. १२८० गुणिले ८०० ठेवलंत तर गेमचा एक पिक्सेल पडद्याच्या बरोबर चार पिक्सेलवर बसतो, अर्धवट काही उरत नाही. ते मशीन बॅटरीवर पूर्ण रिझोल्युशनला चालवणं म्हणजे इंदूरच्या सराफा खाऊगल्लीत सगळ्या गाड्यांवर एकदमच ऑर्डर देणं.

एफएसआर किंवा एक्सईएसएससारखं अपस्केलिंग छोट्या चित्रातून मोठं चित्र बनवतं. गेमच्या आत असलेलं वापरा, कारण त्यात अक्षरं आणि नकाशा सहसा पूर्ण रिझोल्युशनलाच काढले जातात. डेकच्या मेन्यूतलं सिस्टीमचं एफएसआर सगळं चित्रच ताणतं, अक्षरांसकट. आणि आठशेच्या स्क्रीनवर अपस्केलिंगच्या 'क्वालिटी' पातळीच्या खाली जाऊ नका. 'क्वालिटी'तच गेम आतून ८५३ गुणिले ५३३ ला चालत असतो, त्याखाली गवताची खिचडी होते. फ्रेम जनरेशनच्या, म्हणजे मधल्या फ्रेम अंदाजाने भरण्याच्या, मोहात वीसच्या चाळीस करायला जाऊ नका. आकडा चाळीस दिसतो, पण बटणाला प्रतिसाद वीसचाच राहतो, किंबहुना थोडा आणखी जड.

गेमच्या सेटिंगमध्ये मी या क्रमाने छाटतो. रे ट्रेसिंग (प्रकाशाचा किरण न् किरण मोजणं) बंद, चर्चा नको. मग धुकं आणि प्रकाशाचे झोत, ज्यांना 'व्हॉल्युमेट्रिक' म्हणतात, ते 'लो'वर. यात सगळ्यात जास्त वीज वाचते आणि छोट्या स्क्रीनवर फरक शोधावा लागतो. मग सावल्या 'मीडियम'वर. 'लो'वर त्या दातेरी होतात आणि मला खटकतात. पाण्यातली प्रतिबिंबं 'लो'. अ‍ॅम्बियंट ऑक्लुजन, म्हणजे कोपऱ्यातला मऊ अंधार, साध्यातला साधा. टेक्श्चरना, म्हणजे भिंती-जमिनीवरच्या पोताच्या चित्रांना, मात्र सहसा हात लावत नाही. टेक्श्चर मुख्यतः मेमरी खातात, वीज फारशी नाही. ते 'लो' केले की भिंती चिखलाच्या दिसतात आणि बॅटरी काही वाढत नाही. नवखे लोक सगळंच 'लो' करून टाकतात, त्यांचं नुकसान इथेच होतं.

भाच्याच्या गेमवर मी हे समोर बसवून केलं. धुकं बदललं तेव्हा वॅट उतरले आणि त्याला काही कळलंच नाही. टेक्श्चर बदलले तेव्हा लगेच ओरडला, आणि वॅट जिथल्या तिथे.

स्क्रीन आणि खिडकी

बजेट बाराचं असेल तर ब्राइटनेस छोटी गोष्ट राहत नाही. माझ्या डेकवर तळापासून टोकापर्यंत दीड-दोन वॅटचा फरक पडतो, म्हणजे सहावा भाग. इंदूरहून भोपाळ ईशान्य-पूर्वेला आहे आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला, त्यामुळे जाताना ऊन बसच्या उजवीकडून येतं. डावीकडची खिडकी घ्या, ब्राइटनेस निम्मा पुरतो. येताना उलट. ही माझी आवडती सेटिंग आहे, कुठल्याच मेन्यूत सापडत नाही.

ओएलईडीवर काळा पिक्सेल जवळपास वीज खात नाही, त्यामुळे अंधाऱ्या गुहेतला गेम बर्फाच्या गेमपेक्षा जास्त टिकतो.

वायफाय बंद, मागचं डाउनलोड बंद, कंपन बंद. पण वायफाय बंद करण्याआधी घरीच विमान मोड लावून गेम एकदा उघडून बघा. काही गेम पहिल्यांदा इंटरनेटशिवाय सुरूच होत नाहीत आणि हे देवास बायपासवर कळून उपयोग नसतो.

विंडोज आणि स्विच

अ‍ॅलायमध्ये तयार मोड आहेत, पहिल्या मॉडेलला १०, १५ आणि २५ वॅट, अ‍ॅलाय एक्सला १३, १७ आणि २५. बॅटरीवर २५ वॅटचा 'टर्बो' विसरा. चाळीस वॅट-तासांत तो तासाभराचा, फार तर सव्वा तासाचा पाहुणा. मॅन्युअल मोडमध्ये वर सांगितलेलीच पद्धत चालते. विंडोजमध्ये बॅग बंद करण्याआधी स्लीपऐवजी हायबरनेट करा, म्हणजे मागे एखादं अपडेट जागं होऊन बॅगेत मशीन तापवणार नाही.

स्विचमध्ये फिरवायला बटणंच नाहीत. हातात ७२०पी, टीव्हीला जोडलं की १०८०पीपर्यंत. टीव्हीवर जीपीयू ७६८ मेगाहर्ट्झला धावतो आणि हातात त्याहून बराच हळू. तडजोड निन्टेंडो आणि गेम बनवणारे आधीच करून बसलेत. जुना स्विच घेणार असाल तर एक गोष्ट मात्र बघा. २०१७ चं मॉडेल अडीच ते साडेसहा तास चालतं, २०१९ मध्ये आलेलं साडेचार ते नऊ, आणि बॅटरी तेवढीच आहे. फक्त चिप नव्या पद्धतीने बनवलेली. मागे मॉडेल नंबर 'एचएसी-००१' असा संपत असेल तर जुना, पुढे '-०१' जोडलेलं असेल तर नवा.

ही तडजोड या लोकांना नवी नाही. १९८९ चा गेम बॉय चार पेन्सिल सेलवर चालायचा, रंग नाही, मागे दिवा नाही. सेगाचा गेम गिअर रंगीत आणि उजळ होता, सहा सेल खायचा आणि तीन ते पाच तासांत मान टाकायचा. गेम बॉयमागचे गुनपेई योकोई यांनी जुनं, स्वस्त, कमी वीज खाणारं तंत्रज्ञान मुद्दाम निवडलं. बाजार गेम बॉयनेच मारला.

पॉवर बँक, रेल्वे आणि मे महिना

जेल रोडवरून घेतलेल्या पहिल्या पॉवर बँकेवर वीस हजार एमएएच लिहिलं होतं आणि डेक तिच्यावर खेळता खेळता उतरतच जायचा. बँक खोटी नव्हती, माझं वाचन खोटं होतं. ती अठरा वॅटच देत होती आणि मशीन चोवीस ओढत होतं. डेकला यूएसबी-सी पीडी (जलद चार्जिंगची पद्धत) ४५ वॅट लागतं, म्हणजे १५ व्होल्टला ३ अँपिअर, आणि हा आकडा बँकेच्या मागे बारीक अक्षरांत असतो. दुकानातच वाचा. वीस हजार एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तास, त्यातले गळती जाऊन पंचावन्न-साठ हाती लागतात. विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतच नेता येते, तीही हातातल्या बॅगेत. तीस हजारवाली १११ होते, ती अडते.

अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २०२१ पासून पश्चिम रेल्वे रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवते. जेवणाआधीच चार्ज भरून घ्या.

आणि उन्हाळा. डेक ० ते ३५ अंशांच्या हवेत सगळ्यात चांगला चालतो, असं डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने २०२२ मध्ये सांगितलं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस ओलांडतो. चिप तापली की गळतीचा प्रवाह वाढतो, पंखा जोरात फिरतो आणि त्याच फ्रेमला जास्त वॅट लागतात. वर मी दिलेले आकडे हिवाळ्यातले आहेत, मेमध्ये एक-दोन वॅट जास्त धरा. मागची जाळी उशीवर किंवा गोधडीवर टेकवू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत मशीन सोडून पोह्यांच्या रांगेत जाऊ नका. लिथियम बॅटरीला उष्णता आणि शंभर टक्के चार्ज, दोन्ही एकदम सोसत नाही. घरी कायम चार्जरला लावून खेळत असाल तर ८० टक्क्यांची मर्यादा लावा, अ‍ॅलाय आणि डेकच्या नव्या स्टीमओएस सिस्टीममध्ये ती सोय आहे.

सगळं जमलं की डेकच्या मेन्यूत 'प्रत्येक गेमसाठी वेगळं प्रोफाइल' चालू करा, म्हणजे एका गेमचे सात वॅट दुसऱ्याच्या माथी बसत नाहीत. मी दोन जोड्या ठेवल्या आहेत. घरची साठ फ्रेमची, बसची चाळीसची.

फेब्रुवारीत पुन्हा भोपाळला निघालो. तोच भाचा, तोच गेम, डावीकडची खिडकी. चाळीस फ्रेम, चाळीस हर्ट्झ, टीडीपी सात, धुकं 'लो', टेक्श्चर 'हाय'. सोनकच्छला अठ्ठावन्न टक्के होते. डोडीला त्याने मशीन झोपवलं आणि कचोरी खाल्ली. बैरागढ आलं तेव्हा चौदा टक्के शिल्लक होते आणि लालघाटीची चढण दिसायला लागली होती.

"मामा, आता तरी ब्राइटनेस वाढवू?"

वाढव म्हटलं.